अभ्यासिकेतले सोफे

आमच्या लातूरच्या मासिकाचे मालक, म्हणजे अप्पा, मूळचे डाळीचे व्यापारी. मासिकाचं ऑफिस त्यांच्या आडत दुकानाच्या वरच्या मजल्यावर असल्यामुळे आमच्या प्रत्येक अंकाला तुरीचा वास येतो. अप्पा रोज पूजा आटोपून, कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे ओढून वर येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "अक्का, कव्हरला कोण हाय?" कव्हरवर काय आहे, असं त्यांनी मला इतक्या वर्षांत एकदाही विचारलेलं नाही.

मध्यंतरी ते पुण्याला कसल्याशा कार्यशाळेला जाऊन आले आणि येताना एक शब्द घेऊन आले. पॅकेज. लातुरात क्लास, होस्टेल आणि मेस मिळून जे होतं त्याला पॅकेज म्हणतात आणि आईबाप त्यावर घासाघीस करतात. अप्पांचं पॅकेज वेगळं होतं.

"आता एका विषयावर नुसता लेख द्यायचा न्हाई," ते म्हणाले. "मेन लेख, दोन चौकटी, एक मुलाखत, फोटो, आन तज्ज्ञ काय म्हणतात. समदं मिळून पॅकेज."

"कशावर?"

"ते तुमी बगा की. समदं मीच सांगू का?"

विषय माझ्याकडे होता. नांदेडहून येताना एसटीत शेजारच्या बाईंनी डब्याखाली एक चारपानी वर्तमानपत्र पसरलं होतं. ते नांदेडच्या विद्यापीठातल्या पत्रकारितेच्या मुलांनी काढलेलं होतं. बाईंची भाकरी संपेपर्यंत मी धीर धरला आणि मग ते मागून घेतलं. त्यात अर्धापूरच्या एका मुलाने लिहिलं होतं, की त्याच्या गावच्या बागेत केळी कोणत्या भावाने उचलतात आणि वसतिगृहाच्या फाटकावर तीच केळी त्याला कोणत्या भावाने घ्यावी लागतात. नायगावची गाडी विद्यापीठाच्या फाटकावर का थांबत नाही, याची बातमी होती. तिच्यासाठी मुलांनी ड्रायव्हरला, कंडक्टरला आणि डेपोलाही विचारलं होतं. चारही पानांत कुणाचाही वाढदिवस उत्साहात साजरा झालेला नव्हता. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि मला त्या पोरांचा हेवा वाटला. मी इतकी वर्षं फोटोंखाली "डावीकडून अनुक्रमे" लिहिण्यात घालवली आहेत.

तर पॅकेज ठरलं. मी आणि आमचा फोटोग्राफर नांदेडला निघालो. हा माणूस लग्नांचे फोटो काढतो आणि उरलेल्या वेळात आमचे. त्यामुळे आमच्या अंकातले सभापती आणि संचालक हे सगळे किंचित मान कलती करून गोड हसत असतात.

विभागप्रमुखांनी आमचं जोरदार स्वागत केलं. त्यांच्या केबिनमध्ये बसल्यावर त्यांनी जे गुऱ्हाळ लावलं ते चहाचे दोन कप संपले तरी थांबेना. लोकशाहीचा चौथा स्तंभ, ग्रामीण भागातली प्रतिभा, त्यांची स्वतःची प्रकाशित पुस्तकं. मी वहीत लिहिल्यासारखं करत राहिले आणि एक चौकट भरली असं मनात म्हटलं. त्या पत्राचा अंक मात्र त्यांच्या टेबलावर कुठे दिसला नाही.

पत्राची संपादक शेजारच्या खोलीत संगणकासमोर बसली होती. मुखेडकडची मुलगी, एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला. आम्ही आत गेलो तेव्हा ती उठली नाही, नुसती मान वळवली. मला ते आवडलं. फोटोग्राफरला आवडलं नाही.

"नवीन अंकाची पानं लावून राहिले, मॅडम," ती म्हणाली. "बगायचा का?"

पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत मथळा होता: 'उद्घाटनाअभावी अभ्यासिका बंद; आत सोफे, मुली जिन्यावर'.

मी विचारलं, हे काय प्रकरण आहे? तिने सांगण्याऐवजी मला नेऊनच दाखवलं. मुलींच्या वसतिगृहात तळमजल्यावर एक नवी कोरी अभ्यासिका बांधून तयार होती. टेबलं, पंखे, ट्यूबलाइट, सगळं लागलेलं. पण उद्घाटनाला एका बड्या साहेबांची तारीख मिळत नव्हती आणि उद्घाटन झाल्याशिवाय खोली वापरायची कशी? म्हणून कुलूप. मग रिकामी खोली दिसते म्हणून सभागृहाच्या व्यासपीठावरचे पाहुण्यांचे सोफे तिथे 'तात्पुरते' ठेवले होते. मी खिडकीला डोळे लावून पाहिलं. मातकट पिवळ्या रंगाचे, प्लास्टिक न काढलेले, थोराड सोफे टेबलांवर चढवलेले होते. प्रत्येकाच्या पाठीवर देणगीदाराचं नाव आणि खाली 'यांजकडून सप्रेम भेट'. मुलींच्या वसतिगृहाइतकी सुरक्षित जागा दुसरीकडे कुठे मिळणार? तिथे संध्याकाळी मुलींनाही कुलूप लागतं.

आणि जिन्यावर मुली बसल्या होत्या. पायरीला एक, कडेला दप्तर, मांडीवर पुस्तक. कुणी वर जायला लागलं की सगळ्यांनी गुडघे पोटाशी घ्यायचे. परीक्षा तोंडावर आली होती. खोल्यांमध्ये इतक्या जणी कोंबलेल्या, की एकीने दिवा लावला तर बाकीच्यांची झोप उडायची. संपादकबाईंची स्वतःची पायरी होती, वळणावरची, तिथे भिंतीला टेकता येतं म्हणून सगळ्यांनी तिला ती दिली होती.

अधीक्षिकाबाई तिथेच भेटल्या. मी विचारलं, खोली का उघडत नाही?

"उद्घाटन झाल्याबिगर कसं उघडायचं, मॅडम? उद्या साहेब आले आन खोली वापरलेली दिसली, तर मला विचारतील."

त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी भीती होती, म्हणून मी वही मिटली. परतताना मी त्या मुलीला म्हटलं, की हाच तुमच्या पत्राचा खरा लेख आहे, मी पॅकेज ह्याच्यावरच उभं करते. ती म्हणाली, "आमाला परीक्षेच्या आधी खोली पायजे, मॅडम. लेख नंतर बी चालंल."

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. तेवढ्यात अप्पांचा फोन आला.

"अक्का, प्रकाशनाचा फोटो घेतला का?"

"कसलं प्रकाशन?"

"त्या पोरांच्या अंकाचं! पाहुण्यानं अंक हातात धरलेला फोटो. त्याच्याबिगर पॅकेज व्हतंय का?"

आमच्याकडे हा एक अलिखित कायदाच आहे. कवितासंग्रह असो, दिनदर्शिका असो, नाहीतर पतसंस्थेचा अहवाल असो, छापून झालं म्हणजे झालं असं कुणी मानत नाही. चारपाच जणांनी ओळीने उभं राहून, छापलेली वस्तू छातीशी धरून, कॅमेऱ्याकडे पाहिलं की मग ती जन्माला येते. मी मुलीला विचारलं, तुम्ही प्रकाशन करता का? तिला प्रश्नच कळला नाही. छापून आलं की गठ्ठे उचलायचे, बसस्टँडवर जायचं, मुखेडच्या, नायगावच्या, देगलूरच्या कंडक्टरकडे द्यायचे. संपलं.

विभागप्रमुखांच्या कानावर हे गेलं आणि ते खुर्चीतून उठलेच. प्रकाशन! त्यांच्या कारकिर्दीत एकदाही झालं नव्हतं! करायलाच पाहिजे, आणि मोठं करायला पाहिजे. पाहुणे कोण, हा प्रश्न त्यांनी आम्हाला विचारून त्याचं उत्तर स्वतःच दिलं. विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेवरचे एक सदस्य होते, शहरातले वजनदार गृहस्थ. तेच सोफ्यांचे देणगीदार. त्यांच्याबद्दल नंतर कळलं, की बिचाऱ्यांनी विद्यापीठाला बरंच काही दिलं, पण फीत कापायची वेळ आली की दर वेळी त्यांच्याहून मोठा कुणीतरी यायचा आणि हे टाळ्या वाजवायला दुसऱ्या रांगेत.

नाव ठरलं आणि मग विभागप्रमुखांचा चेहरा उतरला. त्यांना पहिलं पान आठवलं होतं.

"ती सोफ्याची बातमी," ते मुलीला म्हणाले, "तेवढी पुढच्या अंकात घेऊ. पाहुण्यांच्या हातात तोच अंक द्यायचा म्हणजे बरं दिसत न्हाई."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या पत्राच्या धीटपणावर आम्ही पॅकेज करायला आलो, त्याच पत्राची बातमी आमच्या फोटोपायी जाणार! मी बाहेर येऊन अप्पांशी फोनवर भांडले. प्रकाशन नको, फोटो नको, पाहिजे तर जिन्यावरच्या मुलींचा घेऊ म्हटलं. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"जिन्यावर बसलेल्या पोरी कव्हरला कोण बगतंय, अक्का?" ते म्हणाले. "आन तुमच्या विभागप्रमुखांनी नाव कळवलं तसं मी पाहुण्याला फोन लावून सांगितलं बी. ते लई खूश हायेत."

मला वाटलं, निदान ती मुलगी तरी भांडेल. मी परत आत गेले तेव्हा ती पहिल्या पानावरून बातमी काढत होती. शांतपणे. त्या जागी पाहुण्यांचा शुभेच्छा संदेश लावत होती.

"तू हो म्हणालीस?" मी विचारलं. आवाज चढलाच माझा.

"सर म्हणले ना, पुढच्या अंकात." तिने वर पाहिलं नाही. मग दारात उभ्या असलेल्या विभागप्रमुखांना तिने फक्त एक विचारलं, "सर, पाहुण्याला प्लास्टिकच्या खुर्चीत कसं बसवायचं? त्येनला त्यांचेच सोफे लागतील की."

"अरे हो! सोफे काढायला सांगतो," विभागप्रमुख म्हणाले आणि लगबगीने गेले. मला तिचा फार राग आला. माणसं इतक्या लवकर पाहुण्यांच्या सोयीचा विचार करायला लागतात, असं मनात आलं आणि परतीच्या गाडीत मी फोटोग्राफरशीही बोलले नाही.

आठवड्याने आम्ही पुन्हा नांदेडला. ह्या वेळी अप्पाही आले, नवा फेटा घेऊन. पाहुण्यांना बांधायचा होता. सभागृहाच्या व्यासपीठावर ते पिवळे सोफे मांडलेले होते आणि त्यांच्या पाठीवरचं नाव प्रेक्षकांना दिसावं म्हणून कुणीतरी आधी उलटे मांडून पाहिले होते, असं एका शिपायाने मला सांगितलं. बसायचं कुठे हे लक्षात आल्यावर पुन्हा सुलटे केले.

शाल झाली, श्रीफळ झालं, फेटा झाला. ज्यांनी शाल दिली त्यांना शाल देण्यात आली. लाल फितीत बांधलेला अंक ताटातून आला, पाहुण्यांनी फीत सोडवली, सगळे ओळीने उभे राहिले, अंक छातीशी धरले. फोटोग्राफर म्हणाला, "सर, जरा स्माइल." सगळ्यांनी माना कलत्या केल्या.

मग पाहुणे बोलायला उभे राहिले. निर्भीड पत्रकारिता ह्या विषयावर ते मनापासून बोलले, खोटं कशाला सांगू. "माझ्याविरुद्ध लिहायचं असंल तर माझ्याविरुद्ध लिवा!" असं त्यांनी टेबलावर मूठ आपटून सांगितलं आणि सर्वांत मोठी टाळी विभागप्रमुखांनी वाजवली. "मुलींनी पुढं यावं," हेही ते दोनदा म्हणाले. मी सभागृहाकडे पाहिलं, तर पुढे काय आणि मागे काय, मुलीच नव्हत्या. नुसती मुलं बसली होती. बहिष्कार टाकला वाटतं, असं मला वाटलं आणि बरंही वाटलं. संपादक मुलगी तेवढी सुरुवातीला हार द्यायला होती, नंतर तीही दिसेना.

कार्यक्रम आटोपला. चहा, पोहे, जिलबी. शिपायांनी सोफे परत उचलले आणि वसतिगृहाकडे निघाले. फोटोग्राफरला पाहुण्यांचा एकट्याचा एक फोटो हिरवळीवर हवा होता. हिरवळ वसतिगृहासमोरच होती, म्हणून आमची सगळी वरात त्या सोफ्यांच्या मागोमाग गेली.

वसतिगृहाच्या दारात सोफा अडकला होता. म्हणजे दारात नाही, अभ्यासिकेच्या दाराच्या अलीकडे. शिपाई तो धरून तसेच उभे होते. अभ्यासिकेचं दार सताड उघडं होतं, आत फरशी झाडून पुसून लख्ख केलेली आणि प्रत्येक टेबलाशी मुली बसलेल्या. टेबलं पुरली नाहीत तिथे सतरंज्या अंथरून बसलेल्या. पंखे फिरत होते. एकीनेही पुस्तकातून मान वर केली नाही.

दाराच्या चौकटीत या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल फीत बांधलेली होती. सकाळपासून अंकांना बांधलेली तीच. आणि फितीच्या बाजूला आमची संपादक उभी होती. हातात ताट, ताटात हळदकुंकू आणि कात्री.

विभागप्रमुखांनी कपाळाला हात लावला. अधीक्षिकाबाई धावत पुढे आल्या.

"हे काय करून राहिलीस गं? सोफे ठेवायचेत आत!"

मुलीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती पाहुण्यांना म्हणाली, "सर, आमची अभ्यासिका उद्घाटनावाचून अडून हाय. तुमी आत्ताच म्हणलाव, आमाला इथवर ऐकू आलं, मुलींनी पुढं यावं. आमी आलो. तुमच्यासारखे पाहुणे आमाला परत कवा मिळतील? एक फीत कापा, सर."

"मोठ्या साहेबांची तारीख घ्यायची हाय अजून," अधीक्षिकाबाई म्हणाल्या.

पाहुण्यांनी फितीकडे पाहिलं. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी कधी विसरणार नाही. माणूस इतकी वर्षं दुसऱ्या रांगेत टाळ्या वाजवत होता. मोठे साहेब, प्रोटोकॉल, परवानगी, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असणार. निर्णय कुठल्या बाजूला पडेल, काही सांगता येत नव्हतं. अभ्यासिकेतल्या एकाही पुस्तकाचं पान उलटत नव्हतं.

आणि मग आमच्या फोटोग्राफरने सवयीने कॅमेरा डोळ्याला लावला.

"सर, जरा डावीकडं," तो म्हणाला. "बाई, तुमी फ्रेममधून बाजूला व्हा."

अधीक्षिकाबाई बाजूला झाल्या. पाहुणे डावीकडे सरकले, मान कलती केली, कात्री उचलली आणि फीत कापली. सगळ्या मुली उठून उभ्या राहिल्या, त्यांनी कडकडून टाळ्या वाजवल्या आणि लगेच खाली बसून पुस्तकं उघडली.

"आता हे कुठं ठेवायचे?" सोफा धरलेल्या शिपायाने विचारलं. हात भरून आले होते त्याचे. आपल्या हातांनी उद्घाटन केलेल्या वास्तूत सामान टाकू द्यायला पाहुणे तयार नव्हते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विभागप्रमुखांना म्हणाले, "तुमच्या विभागात ठिवा की तात्पुरते."

मी त्या मुलीला कोपऱ्यात गाठलं. तू हे आधीच ठरवलं होतंस?

"किल्ली बाईंकडं, मॅडम. उघडा म्हणून लई दिवस मागं लागलो आमी. सोफे काढायला तरी उघडावंच लागतंय न्हवं?" ती हसली. मी पहिल्यांदाच तिला हसताना पाहिलं. "झाडलोट तेवढी जल्दी करावी लागली. तुमच्या पाहुण्याचं भाषण लांबलं, ते बरं झालं."

तिच्यावर मी मनात जेवढी चिडले होते, त्याची मला लाज वाटली. आणि मग इतका आनंद झाला, की मी दोन जिलब्या जास्त खाल्ल्या.

आमचं पॅकेज वेळेवर निघालं. कव्हरला फीत कापणारे पाहुणे. मुख्य लेखातला मी जिन्याबद्दल लिहिलेला उतारा एका क्लासच्या जाहिरातीसाठी कापला गेला. 'तज्ज्ञ काय म्हणतात' मध्ये विभागप्रमुख म्हणाले, की अभ्यासिका हे त्यांचं जुनं स्वप्न होतं. त्यांच्या केबिनमध्ये आता आत जायचं तर सोफ्याच्या हातावरून पाय टाकून जावं लागतं, पण ते चौकटीत लिहिता आलं नाही. अप्पा खूश होते. पाहुण्यांनी अंकाचे गठ्ठे उचलले आणि ते मोठ्या साहेबांनाही पाठवले, असं कळलं.

थोड्याच दिवसांत त्या मुलीचा फोन आला. परीक्षा चालू होती, म्हणून घाईत होती. "मॅडम, नांदेडच्या गाडीच्या कंडक्टरकडं अंक दिलाय. स्टँडवरून घ्या."

मी स्टँडवर जाऊन घेतला. पहिल्या पानावर तोच मथळा, फक्त 'बंद'च्या पुढे 'होती' वाढलेलं. पुढचा अंक म्हणजे हाच. विभागप्रमुखांचा शब्द तिने अक्षरशः पाळला होता. खोली केव्हा बांधून झाली, सोफे कुणी ठेवायला सांगितले, मुली किती काळ जिन्यावर बसल्या, सगळं होतं. अधीक्षिकाबाईंची बाजू होती, पाहुण्यांचीही होती. 'माझ्याविरुद्ध लिहा' हे त्यांचं वाक्य अवतरणात घेतलं होतं. बातमीच्या मधोमध एक ओळ आमच्याबद्दल: 'एका मासिकाला छायाचित्र हवे असल्याने सोफे बाहेर काढण्यात आले.' शेवटची ओळ अशी, की अभ्यासिका उद्घाटनाशिवाय उघडता येत नाही असा नियम कुठे लिहिलेला आहे, हे विद्यापीठातल्या कुणालाही दाखवता आले नाही.

आमच्या अख्ख्या पॅकेजपेक्षा ती एक बातमी वजनदार होती. मला ते झोंबलं आणि अभिमानही वाटला. मी अंक तसाच अप्पांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवत काहीतरी शोधलं.

"ह्यात आपलं नाव कामून न्हाई, अक्का?"

"एका मासिकाला, असं लिहिलंय की."

अप्पांनी अंक उलटा केला, सुलटा केला. "मग ह्याचं प्रकाशन कुणाच्या हस्ते झालं?"

"कंडक्टरच्या."

"फोटो हाय का त्याचा?"

"नाही अप्पा," मी म्हटलं. "नुसती बातमीच आहे."